सात वेळा धुतलेल्या बाटल्या

३ फेब्रुवारी, सोमवार

हे रजिस्टर घराखालच्या आमच्या रक्ततपासणीच्या लॅबचं. खाली मशीन आलं तेव्हापासून सगळ्या नोंदी कॉम्प्युटरवर होतात, आणि अकरा कोरी रजिस्टरं माळ्यावर पडून होती. रद्दीत घालवेनात, म्हणून एक काढून घेतलं. पानांवर रकाने छापलेले आहेत: अनुक्रमांक, रुग्णाचे नाव, वय, तपासणी, शेरा. मी रकाने ओलांडून लिहिते आहे. घरखर्चाची वही रोज लिहितेच, पण तिच्यात मनातलं लिहायला जागा नसते.

लिहायला बसले, कारण पोटात पुन्हा कळ आली. सर्जन म्हणाले, पित्ताशयात खडे आहेत, पिशवीच काढून टाकू. बारा तारीख दिली. "मोठं काही नाही आजी, चार बारीक भोकं पाडायची. तिसऱ्या दिवशी घरी."

मी विचारलं, "खडे परत देता का?"

ते हसले. मी हसण्यासाठी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं माझ्या अंगात साठलेली वस्तू, मला बघायला नको?

हे शेजारी बसले होते. हल्ली बोलतच नाहीत फारसे.

४ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी खाली जाऊन रक्त दिलं. मुलानेच काढलं. हात हलका आहे, बापावर गेला आहे. जांभळ्या टोपणाच्या नळीत रक्त घेतलं, नळी सात-आठ वेळा हळूच उलटीसुलटी केली नि स्टँडमध्ये ठेवून दिली. या नळ्या तयार येतात, शंभराचं खोकं. आत औषध लावलेलंच असतं. वापरायची नि फेकायची. मला ते बघवत नाही.

आमच्या वेळी या नळ्या नव्हत्या. दवाखान्यातून इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या आणायच्या, रबरी बुचाच्या, अंगठ्याएवढ्या. बल्ब म्हणायचो त्यांना. लेबलं भिजवून काढायची, आतून ब्रश फिरवायचा, धुवायच्या, शेवटचं पाणी हे आणतील ते शुद्ध पाणी. मग पालथ्या घालून वाळवायच्या. मग हे पिपेट घेऊन बसायचे आणि प्रत्येक बाटलीत औषधाचे दोन थेंब. ईडीटीए. ते नाव मला पहिले सहा महिने नीट म्हणता येत नव्हतं. थेंब टाकले की ताटात मांडून शेगडीच्या बाजूला मंद उबेवर ठेवायच्या. पाणी उडून जायचं आणि तळाशी पांढरं धुकं धरल्यासारखं उरायचं. ते धुकं राहिलं की बाटली तयार.

लग्नाच्या पहिल्या वर्षी मी विचारलं होतं, हे करतं काय. हे म्हणाले, "रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. ही पावडर त्या कॅल्शियमला अशी पकडते की सोडतच नाही. मग रक्त गोठत नाही, पेशी सुट्या राहतात आणि मोजता येतात." आणि 'अशी' म्हणताना माझं मनगट धरून दाखवलं. सासूबाई आत आल्या तेव्हा सोडलं.

मॅट्रिकला रसायनशास्त्रात मला बेताचेच गुण होते. पण हा धडा काही विसरले नाही.

५ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्टात प्लेटलेट कमी निघाल्या. दीड लाखाच्या वर हव्यात, माझ्या अडतीस हजार. मुलगा कागद घेऊन वर आला तेव्हा त्याचा चेहरा बघूनच मी गॅस बंद केला.

"परत परत लावलं आई. तीनदा. मशीन तेच सांगतंय."

"मग खरंच असेल," मी म्हटलं.

प्लेटलेट कमी म्हणजे रक्त थांबायचं नाही. रक्त थांबायचं नाही म्हणजे ऑपरेशन नाही. एवढं मलाही कळतं, लॅबवाल्याची बायको आहे. कागद मी देवापुढे ठेवला. सगळे आकडे एकाखाली एक सुबक छापलेले. या एका आकड्यापुढे खाली तोंड केलेला बाण आहे आणि बाणाशेजारी एक चांदणी. वाईट बातमीला चांदणी कशाला लावतात कोण जाणे. सजावट असेल.

८ फेब्रुवारी, शनिवार

सर्जनच्या सांगण्यावरून त्यांच्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये पुन्हा रक्त दिलं. एकतीस हजार.

तीन दिवसांत सात हजार गेल्या.

सूनबाई शाळेतून लवकर आली. ती शिकवते ना, सगळं फळ्यावर मांडल्यासारखं बोलते. "आई, घाबरायचं नाही. एक, मशीन चुकू शकतं. दोन, औषधं आहेत. तीन, तुम्ही ठणठणीत आहात."

मी म्हटलं, "चार, दूध उतू चाललंय."

हसली बिचारी. मग आत जाऊन नाक शिंकरून आली. मला वाटतं सर्दी झाली आहे तिला.

१० फेब्रुवारी, सोमवार

मोठ्या शहरातल्या मोठ्या लॅबला नळी पाठवली होती. गाडीने, बर्फाच्या डब्यात. चोवीस हजार.

सर्जननी बारा तारीख रद्द केली. रक्ताच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी वीस तारखेला कंबरेच्या हाडातून मगज काढून तपासायचं ठरवलं. "त्यातून कळेल," म्हणाले. काय कळेल ते म्हणाले नाहीत. मीही विचारलं नाही. ज्या आजाराचं नाव डॉक्टर घेत नाहीत त्याचं नाव मला माहीत आहे.

मुलगा घरी येऊन ह्यांच्यापुढे उभा राहिला. म्हणाला, "तीन मशीनं, तीन ठिकाणची. तिन्ही खोटं बोलतील का बाबा?"

हे म्हणाले, "मी कुठे काय म्हटलं?"

दोन वर्षांत बापलेकांचं एवढंच बोलणं होतं. मशीन आलं त्या आठवड्यात मुलगा म्हणाला होता, "दिवसाला दोनशे नमुने येतात, एकेका काचेला डोळा लावून बसलो तर संध्याकाळ होईल." ह्यांनी विचारलं, "मग मी कशाला?" मुलाला उत्तर सुचलं नाही, आणि ह्यांनी न सुचणं हेच उत्तर धरलं. त्या दिवशी जे वर आले ते पुन्हा जिना उतरून लॅबमध्ये गेले नाहीत. बाहेर जायचं तर मागच्या दाराने जातात. मशीनला 'जावईबापू' म्हणतात. थंड खोली त्यालाच, कौतुक त्यालाच, आणि जरा काही झालं की रुसून बसणारही तोच.

११ फेब्रुवारी, मंगळवार

देवाला मी काही मागितलं नाही. चौसष्ट वर्षं दिली, तक्रार कसली करायची? फक्त म्हटलं, घराची घडी लावायला वेळ दे.

सूनबाईला आज कपाट दाखवलं. कागद कुठे, किल्ल्या कुठे, जुने पडदे कशासाठी ठेवले आहेत ते. ती प्रत्येकाला "हो आई" म्हणत होती आणि बघत नव्हती.

मग मी दुधाचं पातेलं धुवायला घेतलं. ती मागे उभी राहून मोजायला लागली. "पाच... सहा... सात. आई, पातेलं धुताय की त्याचं पाप?"

"सवय आहे," मी म्हटलं.

"पण दिवा एक जास्त राहिला तर ओरडता, आणि पाणी मात्र सात वेळा!"

खरं आहे तिचं. काटकसरीच्या माणसाला न शोभणारी सवय आहे ही. कोणाला कधी सांगितलं नाही, इथे लिहिते. नाहीतरी हे रजिस्टर कोण वाचणार?

अडतीस वर्षं झाली. मुलगा पोटात होता, पाचवा महिना. तीन महिने साठवून एकशे चव्वेचाळीस बाटल्या जमवल्या होत्या. एवढी मोठी खेप आधी कधी केली नव्हती. धुऊन, वाळवून, थेंब टाकून, पुन्हा वाळवून ताटांत मांडल्या. खेप नवी असली की हे त्यातल्या दोन-तीन बाटल्या तपासून बघत. त्यासाठी कोणाचं तरी चांगलं रक्त घालायचं. त्या दिवशी मीच हात पुढे केला. रुग्णाचं रक्त वाया कशाला, असं म्हणून.

थोड्या वेळाने हे मायक्रोस्कोपवरून उठून आले. ओरडणं त्यांच्या स्वभावात नाही. तेच वाईट. शांतपणे म्हणाले, "गुठळ्या आहेत. बारीक बारीक. धुण्यात खोट आहे."

"तीनही बाटल्यांत?"

"तीनही."

सासूबाई भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मॅट्रिक झालेली सून आणली. बाटली धुता येत नाही."

हे काहीच बोलले नाहीत. माझ्या बाजूने एक शब्द नाही. एकशे चव्वेचाळीस बाटल्या त्यांनी स्वतः नेऊन टाकल्या. संशयाची बाटली नको म्हणाले, कोणाच्या तरी जिवाशी गाठ असते. बरोबरच होतं ते. पण मी त्या नीट धुतल्या होत्या. मला माहीत होतं मी नीट धुतल्या होत्या. आणि मग काही दिवसांनी मला तेही खात्रीने सांगता येईना.

पुढची खेप मी सात वेळा धुतली. ती उत्तम निघाली. मग काय बोलणार? तेव्हापासून सगळंच सात वेळा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

भाजी चिरताना बोट कापलं. हे कधी नव्हे ते धावत आले आणि पट्टी बांधायची सोडून मनगटातल्या घड्याळाकडे बघत उभे राहिले!

"अहो, कापूस द्या."

"थांब. दाबू नकोस."

"वेळ बघताय का माझी?" मी म्हटलं.

त्यांना विनोद कळला नाही. मीही तो विनोद म्हणून केला नव्हता. रक्त थांबलं तसे म्हणाले, "अडीच मिनिटं." मग माझ्या दोन्ही बाह्या वर करून हात उलटेपालटे करून बघितले, ढोपरं बघितली. हिरड्यांतून रक्त येतं का विचारलं. कुठे काळंनिळं पडतं का विचारलं. नाही म्हटलं. बाजारात वांगं निवडतात तशी मला फिरवून बघत होते. लग्न ठरवायला आले तेव्हाही इतकं बघितलं नव्हतं.

म्हातारपणी माणूस भितो आणि भीती अशी कुठेतरी बाहेर पडते. समजून घेतलं पाहिजे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

जेवायला सगळे एकत्र. ह्यांनी रिपोर्टाचे तीनही कागद ताटाशेजारी मांडले. मुलाला विचारलं, "ही चांदणी कसली?"

"बाबा, कमी आहे म्हणून."

"कमीसाठी बाण असतो. बाण आहे इथे. हिमोग्लोबिन थोडं कमी आहे, तिथे नुसता बाण आहे. मग इथे बाण आणि चांदणी दोन्ही कशाला?"

"मशीनची पद्धत असेल काहीतरी. जेवा ना."

"जावईबापूंनी काहीतरी सांगितलंय आणि तू ऐकलं नाहीस."

मुलगा ताटावरून उठला. सूनबाईने त्याला डोळ्यांनीच पुन्हा बसवलं. शाळेत चाळीस पोरं सांभाळते, एक नवरा काय.

हे थांबले नाहीत. "आपल्याकडे नळी किती वेळ थांबली होती?"

"अर्धा तास असेल."

"आणि हॉस्पिटलात?"

"ते सकाळचं दुपारी लावतात."

"आणि मोठ्या शहरात पोचायला?"

"दुसरा दिवस." मुलाचा घास हातातच राहिला.

वीस तारीख पाच दिवसांवर आली आणि हे नळ्यांचं वेळापत्रक विचारत बसले आहेत. मी भात वाढला.

१६ फेब्रुवारी, रविवार

आज मला फार लागलं.

सकाळी हे म्हणाले, "तुझ्या जुन्या हिशेबाच्या वह्या आहेत ना?"

मला वाटलं, माझ्या माघारी घर कसं चालवायचं ते बघणार असतील. बरं वाटलं. म्हटलं, "ट्रंकेत सगळ्या आहेत. कुठल्या वर्षीची हवी?"

"ज्या वर्षी आपण त्या बाटल्या टाकल्या."

अडतीस वर्षांत त्यांनी त्या बाटल्यांचं नाव काढलं नव्हतं. मला वाटत होतं विसरले. विसरले नव्हते. आज, मी अशा दारात उभी असताना, त्यांना तेच आठवलं!

मी म्हटलं, "कशाला? वर देवाघरी जाऊन आईंना सांगायचंय का, अजून खोट गेली नाही म्हणून?"

"तसं नाही गं."

"मग कसं?"

"आधी बघू दे. खात्री नाही तोवर बोलत नाही मी."

हे त्यांचं नेहमीचं. खात्री नाही तोवर बोलत नाहीत, आणि खात्री झाली की बोलायची गरज वाटत नाही. मी ट्रंक उघडली, वही काढली आणि त्यांच्या पुढ्यात ठेवून आत निघून आले. वहीत काय आहे मला पाठ आहे. डाव्या पानावर माझ्या अक्षरात: '१४४ बाटल्या टाकल्या. धुण्यात खोट. तपासणीस रक्त माझे.' आणि चार पानांनंतर: 'नवी खेप ६०. सात वेळा धुतल्या. तपासणीस रक्त ह्यांचे. उत्तम.'

आतून बघितलं तर हे दोन्ही पानांत दोन बोटं घालून, वही मिटून नुसते बसले होते. चष्मा काढून.

देवा, मला क्षमा कर. जायच्या आधी मनात राग नको होता.

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी देवापुढे बसले होते तर जिन्यावर पावलं वाजली. लॅबच्या जिन्यावर. एक पाय जोरात, एक हळू, ह्यांचीच. थोड्या वेळाने मुलगा वर धावत आला, "आई, खाली चल. बाबा बोलावतायत."

खाली गेले तर मायक्रोस्कोपवरचं आवरण काढून घडी घालून ठेवलेलं. मीच शिवलं होतं ते, जुन्या पडद्याचं. हे स्टुलावर बसलेले, जसे बसायचे तसे, डावा पाय दांडीवर. नमस्कार नाही, चमत्कार नाही, "बोट दे" म्हणाले.

टोचलं. रक्ताचा थेंब सरळ काचेवर घेतला, दुसऱ्या काचेने पसरवला. एका झटक्यात, काठाला पिसासारखा. मधे बाटली नाही, नळी नाही, औषध नाही. सत्तरीतही हात हलला नाही. मग मुलाला म्हणाले, "आता हातातून घे. एक जांभळीत, एक निळीत. निळीत औषध वेगळं असतं, सायट्रेट. मशीनला दोन्ही लाव. आणि जांभळीतली एक काच मला दे. अर्ध्या तासाने आणखी एक."

मुलगा मुकाट्याने करत होता. लहानपणी गृहपाठ तपासून घ्यायचा तसा उभा.

मला वर पाठवलं. मी ओट्याशी उभी राहिले आणि खालून आवाज आला. टक. टक. टक टक. ते मोजायचं यंत्र. एक पेशी दिसली की एक कळ दाबायची, आणि शंभर झाल्या की घंटा वाजते. दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याआधी पस्तीस-चाळीस वर्षं माझा सगळा स्वयंपाक त्या आवाजावर झाला. पहिल्या घंटेला तांदूळ धुवायचे, दुसरीला फोडणी, आणि फार वेळ घंटा वाजली नाही की समजायचं, कोणाच्या तरी रक्तात वेगळं काही दिसतंय, आज जेवायला उशीर. सासूबाई म्हणायच्या, आमच्या घरात देवाची घंटा एक नि दैत्याची एक.

आज दहा घंटा वाजल्या. मी एकेक मोजली. मग शांत झालं. मग पुन्हा दहा.

दुपारी कोणीच जेवायला वर आलं नाही. माझ्यासकट तिघांची ताटं झाकून ठेवली. सूनबाईने शाळेतून फोन केला, "काय चाललंय आई?" मी म्हटलं, "माहीत नाही. पण घंटा वाजतेय." तिला एवढं पुरलं. तिने आमच्या घरात पहिली पाच वर्षं ती घंटा ऐकली आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सगळं जसं झालं तसं लिहून ठेवते.

काल संध्याकाळी दोघं एकदमच वर आले, मुलगा पुढे, हे मागे. सूनबाई नुकतीच आली होती, चप्पलही काढली नव्हती. मुलगा सांगायला लागला आणि मधेच ह्यांच्याकडे बघायला लागला. शेवटी ह्यांनीच सांगितलं.

"दोन लाख दहा हजार आहेत तुझ्या."

"काय?"

"प्लेटलेट. बोटातून सरळ घेतलेल्या काचेवर भरपूर आहेत, सगळ्या सुट्या. निळ्या नळीतही भरपूर. फक्त जांभळ्या नळीत एकमेकींना बिलगून बसतात, घोळके करून. मशीन एक एक मोजतं. घोळका आला की ती प्लेटलेट नाहीच असं समजून सोडून देतं. नळी जितका वेळ थांबते तितके घोळके वाढतात. म्हणून आपल्याकडे अडतीस, तिकडे एकतीस, मोठ्या शहरात चोवीस."

"मग आजार?"

"आजार नाही. हजारात एखाद्याचं रक्त असं असतं. त्याला ते औषध चालत नाही. अंगात सगळं ठीक. घोळ नळीत होतो."

मुलगा म्हणाला, "आई, मी मशीनचं पुस्तक काढून बघितलं. चांदणीचा अर्थ दिलाय. 'घोळके असण्याची शक्यता, काच पाहावी.' स्पष्ट दिलाय. मी दोन वर्षांत वाचलंच नव्हतं." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "वीस तारखेला तुझ्या हाडात सुई घालणार होते. माझ्यामुळे."

"घातली नाही ना अजून?" मी म्हटलं. "मग झालं तर."

सूनबाई एक चप्पल पायात, एक हातात अशी रडायला लागली. मी तिला म्हटलं, आधी ती चप्पल खाली ठेव.

मला वाटलं झालं, आता जेवायला वाढावं. उठले तर ह्यांनी मनगट धरलं. मुलासुनेसमोर! आणि सोडेनात.

"बाटल्या स्वच्छ होत्या," म्हणाले.

मला कळलं नाही आधी. खरंच कळलं नाही.

"त्या एकशे चव्वेचाळीस. त्यांत मी तुझं रक्त घातलं होतं. पुढच्या खेपेत माझं. तुझ्या वहीत आहे. आज काचेवर जे दिसलं ते मी आधी पाहिलं होतं, अगदी हेच. काठाला बारीक घोळके. तेव्हा मला धुण्यातली खोट वाटली. खोट धुण्यात नव्हती, औषधाचं आणि तुझ्या रक्ताचं जमत नव्हतं. मी तेव्हा माझं रक्त घालून पुन्हा बघायला हवं होतं. एक बाटली पुरली असती. बघितलं नाही."

खाली जावईबापूंचा पंखा घरघरत होता तेवढाच.

किती वर्षं मी मनात या क्षणाची तयारी केली होती. काय काय बोलणार होते! एकही वाक्य आठवेना. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"माझ्यासमोर काय सांगताय? जिथे बोललात तिथे सांगा."

आणि बोट दाखवलं सासूबाईंच्या फोटोकडे.

मुलाला वाटलं मी गंमत करते आहे. ह्यांना कळलं. उठले, फोटोसमोर जाऊन उभे राहिले, सदऱ्याचं वरचं बटण लावलं आणि म्हणाले, "आई, बाटल्या स्वच्छ होत्या. चूक माझी होती. तिची नव्हती."

सासूबाई नेहमी बघतात तशाच बघत होत्या. पण मला त्या जरा खजील वाटल्या.

मग ह्यांनी जुनी वही मागितली आणि पेन मागितलं. लॅबमध्ये चूक कधी खोडायची नसते, गिरगटायची नसते. आधीचं वाचता यायला हवं. त्यावर एक सरळ रेघ मारायची, वर बरोबर ते लिहायचं, सही करायची, तारीख घालायची. हे त्यांनीच मला शिकवलं आणि घरखर्चातही मी तसंच करत आले. 'धुण्यात खोट' या शब्दांवर त्यांनी पट्टी ठेवून एक रेघ ओढली. वर लिहिलं: 'बाटल्या स्वच्छ होत्या.' सही. कालची तारीख.

मुलगा वाकून बघत होता. म्हणाला, "तेव्हा मीही होतो की तिथे. साक्षीदार म्हणून सही करू?"

"पोटातल्यांची साक्ष चालत नाही," सूनबाई म्हणाली.

सगळे हसलो. मी ताटं घ्यायला आत गेले.

१ मार्च, शनिवार

घरी येऊन दोन दिवस झाले. ऑपरेशन पंचवीस तारखेला झालं. रक्त थांबायचं तेव्हा थांबलं. सर्जननी खडे खरंच आणून दिले, एका छोट्या बाटलीत. एकवीस. मी आधी बाटली उजेडात धरून बघितली. ठीक धुतलेली होती.

मुलाने लॅबमध्ये एक पाटी लावली आहे: चांदणी दिसली की काच पाहायची. आणि ती काच कोणी पाहायची ते पाटीवर लिहिलेलं नाही, पण सकाळी दहा वाजले की जिन्यावर पावलं वाजतात. एक जोरात, एक हळू. काल ह्यांनी जेवताना म्हटलं, "जावईबापू हुशार आहेत. फक्त त्यांचं कोणीतरी ऐकून घ्यायला हवं." मुलगा म्हणाला, "तुमचंही." एवढंच बोलणं झालं, पण दोघांनी भात परत घेतला.

मला वजन उचलायला मनाई आहे. चहाचा कप मात्र मी हट्टाने स्वतः धुतला. खालून टक टक ऐकू येत होतं. एकदा, दोनदा, तीनदा धुतला. हात आपोआप चौथ्यांदा नळाखाली गेला. मी नळ बंद केला आणि कप पालथा घातला. स्वच्छ होता.

अडतीस वर्षांत किती पाणी गेलं असेल, याचा हिशेब मात्र मी मांडणार नाही.